खोटा पाय आहे तोच ठेवा, आधी क्रँक आखूड करा

नमस्कार. थांबा, कॅमेरा जरा खाली घेतो. दिसतंय? माझा डावा पाय गुडघ्याच्या चार बोटं खाली संपतो. पुढे सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कडक वाटी, मग पाइप आणि रबरी पाऊल. हाच पाय घेऊन मी सकाळी ठाण्यात उपवनला सायकलवर जातो आणि तलावावर हमखास कोणीतरी विचारतं, "सायकलचा स्पेशल पाय केवढ्याला पडला?" अहो, पाय रोजचाच. बदलली ती सायकल.

अडचण कुठे येते बघा. पेडल वर आलं की गुडघा पार दुमडतो आणि सॉकेटची मागची कड लवणीत रुतते. ती चुकवायला माणूस कंबर उचलतो, सीटवर डुलतो. आठ दिवसांत पाठ धरते आणि सायकल गॅलरीत जाते.

म्हणून त्या बाजूचा क्रँक, म्हणजे पेडल ज्या दांड्याच्या टोकाला असतं तो दांडा, आखूड करायचा. क्रँक साधारण 170 मिलिमीटरचा असतो. माझा डावा 140. म्हणजे पेडल वर आलं की 30 नं खाली राहतं, खाली गेलं की 30 नं वर. उजवा आहे तसाच. दोन दिवस लंगडं वाटतं, मग विसरायला होतं.

क्रँकवर बसवायचा तयार जोड मिळतो, तो घ्या. मी शहाणपणा करून लोखंडी क्रँकलाच दुसरं भोक पाडून घेतलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि कारागिराकडे उलटे आटे पाडायचं हत्यार, म्हणजे तसा टॅप, नव्हता. त्यानं सरळ आटे पाडून उजव्या बाजूचं पेडल लावून दिलं. तिसऱ्या दिवशी कापूरबावडीच्या सिग्नलला पेडल सुटलं आणि पट्ट्यानं पावलाला लटकत राहिलं. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, पायच निघाला! ॲल्युमिनियमच्या क्रँकला तर भोक पाडूच नका, तिथूनच तडकतो.

आता सॉकेट. मुंबईत हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन इन्स्टिट्यूटमध्ये बनवा की खासगीत, पाय बनवणाऱ्याला सायकलवर बसून दाखवा. मागची कड घासून खाली आणता येते, पण थोडी थोडी. जास्त गेली तर चालताना पकड जाते, आणि घासलेलं परत जोडता येत नाही.

पाऊल चवड्यावर टेकवू नका. या पायाला पोटरी नाही, घोटा वळत नाही. चवड्यावर जोर दिला की रबर वाकतं, जोर वाया. पेडल तळव्याच्या मध्याखाली, पाइपच्या रेषेत हवं. पाऊल घसरलं तरी कळत नाही, म्हणून पट्टा लावा, पण ओढताच सुटेल इतपत. सिग्नलला खाली टेकायचा तो चांगलाच पाय.

टांग मारायला जमत नसेल तर लेडीज सायकल घ्या. लाज कसली?

ठाण्याच्या दमटपणात अर्ध्या तासात लायनरमध्ये, म्हणजे सॉकेटच्या आत पायावर चढवायच्या मऊ मोज्यात, घाम साचतो आणि पाय आत फिरायला लागतो. थांबा, काढा, पुसा, घाला. लोक बघतात. बघू देत.

गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांचं गणित वेगळं. तिथे सॉकेटची वरची कड आणि सीट एकाच जागेवर भांडतात. काहीजण पाय घरी ठेवून एकाच पायानं चालवतात. हैदराबादच्या आदित्य मेहतांचा पाय असाच वरून गेलेला, आणि त्यांनी 2013 च्या आशियाई पॅरासायकलिंग स्पर्धेत दोन रौप्यपदकं आणली. माझा पाय दाखवून ते समजणार नाही. तसा एक मित्र तयार झालाय, पुढच्या वेळी त्याची सायकल इथे उलटी करून ठेवतो.