सिद्धेश्वर एक्सप्रेस वीस सेलमध्ये बसते का?

(लुई ब्रेल जयंतीला सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर किती जण आहेत ते मला दिसत नाही, पण खुर्च्यांच्या कुरकुरीवरून साठ-सत्तर तरी असाल. त्यातले निम्मे चहाच्या वाटेकडे कान लावून बसलेत, हेही ऐकू येतंय.

पत्रिकेत माझा विषय 'अंधांसाठी ब्रेल नोटटेकरची निवड' असा छापलाय म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की पत्रिका शाईत आहे. चार जानेवारी, लुई ब्रेलचा वाढदिवस, सभागृहातले निम्मे लोक ठिपके वाचणारे, आणि पत्रिका गुळगुळीत कागदावर! मी चारी कडांवरून बोटं फिरवली, काही लागलं नाही. शेवटी नातवानं वाचून दाखवली. असो. संस्थेवर टीका करायला मला बोलावलेलं नाही.

विषयाकडे जाण्याआधी एक जुनं भांडण उरकून घेतो. "काका, आता मोबाईल सगळं बोलून दाखवतो, ब्रेल कशाला हवं?" असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. विचारणारा बहुतेक डोळस असतो, आणि स्वतः सकाळी चष्मा लावून पेपर वाचतो. मी म्हणतो, मालक, रेडिओवर बातम्या लागतात की, तुम्ही पेपर बंद करा. ते काही करत नाहीत.

ऐकणं वेगळं, वाचणं वेगळं. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते, म्हणून मला पटकन सुचतं ते उदाहरण देतो. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. मोबाईलमधली बाई दोन्ही एकाच सुरात म्हणते. बोटाखाली उ आला तर सहा ठिपक्यांच्या चौकटीतला पहिला, तिसरा, सहावा ठिपका लागतो. ऊ आला तर पहिला, दुसरा, पाचवा, सहावा. घोटाळा व्हायची सोयच नाही. ज्या पोरानं दहावीपर्यंतचा अभ्यास नुसता ऐकून केला, त्याच्या शुद्धलेखनावर मास्तर तांबड्या शाईचे फराटे मारतात. त्यानं ते शब्द कधी पाहिलेच नाहीत, ना डोळ्यांनी ना बोटांनी. आणि ज्याला कानांनीही ऐकू येत नाही, त्याला मोबाईलची बाई काय कामाची?

वडिलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, हे सोलापुरात कुणाला शिकवायला नको. भोक असेल तिथं सुई आत जाते, नसेल तिथं अडते, आणि त्यावर कुठला ताणा, म्हणजे उभा धागा, उचलायचा ते ठरतं. अंधशाळेला सुट्टी लागली की मी कारखान्यात जायचो. वडील एखादा फाटका पुठ्ठा माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वाच, यात मोर आहे." तासन्‌तास बोटं फिरवली, मला मोर काही सापडला नाही. फार पुढं कळलं, की एका पुठ्ठ्यात विणीची एकच ओळ असते. मोराला असे शेकडो पुठ्ठे लागतात. जॅकार्डनं त्याचा माग १८०४ साली आणला, लुई ब्रेल १८०९ साली जन्मला, आणि दोघंही फ्रान्सचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. पण गेली तीस वर्षं मी ही गोष्ट प्रत्येक भाषणात सांगतो, आणि आज सोडली असती तर मागं बसलेले आमचे बँकेतले मित्र नाराज झाले असते.

तर नोटटेकर. ब्रेल पाटी आणि स्टायलस आपण सगळ्यांनी वापरलंय. उजवीकडून डावीकडं टोचायचं, कागद उलटून डावीकडून उजवीकडं वाचायचं. पर्किन्सचं ब्रेल टाइपरायटर वापरलंय, पावणेपाच किलोच्या आसपास वजन, वर्गात सहा जण एकदम लिहायला लागले की छपाईखाना. नोटटेकर म्हणजे पिशवीत मावणारं असं यंत्र, ज्यावर सहा-आठ कळा दाबून लिहायचं आणि खाली-वर होणाऱ्या ठिपक्यांच्या ओळीवर वाचायचं. एका अक्षराच्या ठिपक्यांच्या चौकटीला सेल म्हणतात. बॅटरीचा नव्हे. हा खुलासा मी घरी अजून करतोय.

असं यंत्र हातात आलं की मी त्यावर सगळ्यात आधी आपल्या मुंबईच्या गाडीचं नाव लिहितो, 'सिद्धेश्वर एक्सप्रेस'. भक्तीचा भाग आहेच, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तोंडावर आलीय. पण कारण दुसरं आहे. बोटांवर मोजा माझ्याबरोबर. आपल्या भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये जोडाक्षराची खूण अक्षरांच्या आधी येते, चौथा ठिपका एकटा. म्हणजे स, इ, चौथा ठिपका, द, ध, ए, चौथा ठिपका, श, व, र. किती झाले? दहा. मधली मोकळी जागा एक. मग ए, चौथा ठिपका, क, स, चौथा ठिपका, प, र, ए, स. नऊ. दहा, एक आणि नऊ, वीस! वीस सेलच्या यंत्रावर आपली गाडी इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत बरोब्बर फलाटाला लागते. चौदा सेलवर नुसतं 'सिद्धेश्वर' येतं आणि एक्सप्रेससाठी पुढचं बटण दाबावं लागतं. आणि जोडाक्षरं नीट उमटली नाहीत तर समजायचं, या यंत्राला मराठी येत नाही.

ही अक्कल मला आधी नव्हती, तिची किंमत मी मोजलीय. कशी, ते सांगतो.

बँकेतून निवृत्त झालो. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर, हजारो नंबर पाटीवर टोचलेले. फंडाचे पैसे आले तेव्हा ठरवलं, आता आपण मोठं यंत्र घ्यायचं. याच सिद्धेश्वरनं रात्री निघालो, मी आणि आमची ही. मुंबईत एका विक्रेत्याकडे गेलो. नाव सांगत नाही. तो मुलगा पहिलं वाक्य हिच्याशी बोलला, "मॅडम, सरांना कितपत वाचता येतं?" ही म्हणाली, "मला ब्रेल येत नाही, त्यांनाच विचारा." तो परत हिच्याकडेच वळून, "सरांना इंटरनेट लागेल का?" ही म्हणाली, "त्यांनाच विचारा." मग त्यानं विचारलं, "बजेट किती आहे?" त्यावर ही म्हणाली, "तेवढं मला विचारा."

मी मराठीचं विचारलं. "सर, सगळ्या भाषा आहेत." झालं. माझ्या बोटांना ठिपक्यांचा नुसता मोह पडला होता. बत्तीस सेल, मऊ, बिनआवाजी. ईमेल होतं, कॅलेंडर होतं, कंपाससुद्धा होता. मला सात रस्त्याच्या चौकात उभं केलं तर त्या कंपासचंच डोकं फिरेल! मराठीत एक ओळ लिहून न बघता मी पैसे मोजले.

परतीच्या गाडीत मात्र मजा आली, ते नाकारत नाही. डब्यातले दिवे गेले, सगळे चिडीचूप, आणि मी वरच्या बर्थवर चादरीत हात घालून वाचतोय. खालून कुणीतरी विचारलं, "काका, अंधारात काय चाललंय?" म्हटलं, "वाचतोय." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं, की मराठीतली तयार फाइल यंत्र ठिपक्यांत दाखवत होतं, पण मी मराठीत लिहिलेलं परत देवनागरीत करणं त्याच्या बापाला येत नव्हतं. आणि मी आमच्या सोसायटीचा चिटणीस! सभेचं इतिवृत्त अडीच पानं लिहिलं, फाइल काढून छापायला दिली. यंत्रानं माझे सगळे ठिपके संक्षिप्त इंग्रजी ब्रेल, म्हणजे एकाच खुणेत दोन-तीन अक्षरं बसवणारं, समजून वाचले होते. आपल्या आ चे ठिपके म्हणजे त्यात 'ए-आर'. आपला ण म्हणजे अंकचिन्ह, पुढं आकडा आहे अशी खूण, आणि अंकचिन्हापुढं इ आली की नऊ. म्हणजे 'आणि' कसं छापलं गेलं? ए, आर, नऊ. 'सोलापूर'चं झालं 'सोलारपौर'. खजिनदारांनी अडीच पानं रोमन लिपीतलं ते प्रेमानं वाचायचा प्रयत्न केला आणि मला फोन केला, "काका, बाकी राहू द्या, पण हे ए-आर-नऊ कोण? प्रत्येक ठरावात आहेत." तेव्हापासून सोसायटीत कुणी सभेला आलं नाही की म्हणतात, ए-आर-नऊ आले होते का?

पुढं दीड वर्षानं सातव्या सेलचा तिसरा ठिपका मेला. एकच ठिपका. पण र चा तिसरा ठिपका गेला की त्याचा ह होतो, ल चा ब होतो, म चा च होतो. ओळीच्या सुरुवातीला 'सोलापूर' आलं की सातवं अक्षर र. रोज सकाळी मी बातम्या उघडायचो आणि वाचायचो, 'सोलापूह'. विक्रेत्याला फोन केला. इथं दुरुस्ती होत नाही, पूर्ण यंत्र परदेशी पाठवावं लागेल. किती दिवस? सांगता येत नाही. साडेचार महिने लागले. एका ठिपक्यासाठी साडेचार महिने मी परत पाटीवर टोचत बसलो! आणि बिल आलं तेव्हा ही म्हणाली, "यात तर आपण ए-आर-नऊंना पण मुंबईला फिरवून आणलं असतं."

काय? चिठ्ठी? अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. हात लावून बघतो. शाईची! आता हसू नका, कुणीतरी वाचून दाखवा. "पाच मिनिटे राहिली." बरं. मग पत्रिकेत छापलेला विषय आता सुरू करतो, पळत पळत.

आधी काम ठरवा. काही यंत्रं फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय मुकी असतात, त्यांना नुसता डिस्प्ले म्हणायचं. काही जोडूनही चालतात आणि एकटीही पुस्तक वाचून, टिपण लिहून घेतात. ऑर्बिट रीडर २० त्यातलं, ब्रेलियंटही. आणि ब्रेलनोट टच किंवा ब्रेलसेन्ससारखी काही म्हणजे आत अँड्रॉइड असलेला पूर्ण संसार. त्यांची किंमत लाखांत जाते, आणि आतलं अँड्रॉइड मात्र तुमच्या फोनसारखं वरचेवर नवं होत नाही. खिशात चांगला फोन असेल तर मधलं यंत्र आणि ब्लूटूथ यावर बहुतेकांचं भागतं, असं माझं मत आहे. पडदा वाचून दाखवायला कॉम्प्युटरवर एनव्हीडीए फुकट आहे, फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर.

सेल किती, तर पोराच्या दप्तरात वीस, टेबलावर हिशोब किंवा प्रूफं तपासणाऱ्याला चाळीस. चौदा फक्त खिशासाठी. किंमत सेलबरोबर का चढते तेही ऐका. नेहमीच्या यंत्रात प्रत्येक ठिपक्याखाली एक पातळ पट्टी असते, वीज मिळाली की ती वाकते आणि ठिपका वर येतो. बत्तीस सेल, यंत्रात प्रत्येकी सहाऐवजी आठ ठिपके, म्हणजे २५६ पट्ट्या. ऑर्बिटची रचना वेगळी आहे, म्हणून ते कितीतरी स्वस्त पडतं. ठिपके टणक, पण ओळ बदलताना घरघर होते आणि क्षणभर थांबावं लागतं. वाचनालयात शेजारचा बघतो. बघू दे. वजन अर्ध्या किलोच्या आत, बॅटरी आपली आपण बदलता येते. पण प्रत्येक सेलवर जे छोटं बटण असतं, दाबलं की कर्सर थेट त्या अक्षरावर येतो, ते त्यावर नाही. लिहिलेलं वारंवार दुरुस्त करणाऱ्यानं याचा विचार करावा, नुसतं वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही.

मराठीचं सांगितलंच. त्यात एक भर घालतो. बीआरएफ फाइलमध्ये आधीच ब्रेल असतं, त्यामुळं यंत्राला मराठी येवो न येवो, ती जशीच्या तशी वाचता येते. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन वाचनालयात पुस्तक मिळालं तर आधी ते ब्रेलमध्ये आहे का बघा. लिहिण्याचं मात्र दुकानातच तपासायचं. लिहा, जतन करा, त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडा आणि डोळस माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. तो ए-आर-नऊ म्हणाला तर नमस्कार करून बाहेर या.

आणि दुरुस्ती. एक सेल बिघडला तर तेवढाच बदलता येतो का, कुठं, किती दिवसांत, आणि तोवर बदली यंत्र देता का, हे लिहून घ्या. एकदा ठिपके साफ कसे करायचे तेही विचारा. आपल्याकडची मे महिन्यातली धूळ आणि घामाचं बोट यानंच निम्मे ठिपके अडकतात. राहिलेले निम्मे शेंगाचटणीनं. तेल असतं तिच्यात. हे माझ्या सातव्या सेलबद्दल घरचं मत आहे, मला मान्य नाही.

फोनबरोबर जोडणी, त्यासाठीचं एचआयडी नावाचं नवं प्रमाण, चार्जिंग कुठल्या वायरीनं, सरकारी योजनेतून अर्ज, हे सगळं राहिलं. अध्यक्षांची खुर्ची सरकली, ऐकलं मी. थांबतो.

उजवीकडच्या टेबलावर तीन यंत्रं ठेवलीत, चौदा, वीस आणि माझं बत्तीसवालं. चहाआधी हात लावून घ्या, चहानंतर हात धुऊन. वीसवालं उसनं आणलंय. ते पडलं तर आधी मला सांगा, अध्यक्षांना नको, ते चिठ्ठी लिहीत बसतील.