आठवड्यातून तीनदा

[दृश्य: परळ. सकाळी साडेसहा. डायलिसिस विभागाबाहेरचा बाक.]

पहिली शिफ्ट सातला लागते. पेशंट मात्र त्याच्या बरेच आधी बाकावर येऊन बसलेले असतात. कुणी नालासोपाऱ्याहून, कुणी बदलापूरहून, कुणी मानखुर्दहून. हातातल्या पिशवीत फाइल, चादर आणि बिस्किटाचा पुडा. आत गेल्यावर आधी वजन करायचं. मागच्या वेळेपासून जितके किलो वाढले, तितकं पाणी अंगात साचलं. किडनी निकामी झाली की लघवी कमी होत जाते, कित्येकांची तर थांबतेच. मग चहा, आमटी, ताक, जे पोटात जाईल ते अंगातच राहतं. पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो. ते पाणी आणि रक्तातली घाण काढायला चार तास मशीनवर राहावं लागतं. आठवड्यातून तीनदा. किडनी बदलेपर्यंत, आणि नाहीच बदलता आली तर जन्मभर.

सोमवारची शिफ्ट सगळ्यात जड. शुक्रवारनंतर मधे दोन दिवस रिकामे गेलेले असतात. सिस्टर वजनाचा आकडा वाचतात, तशी काकांच्या आधी काकूच बोलतात, "काल पाहुणे आले होते हो, दोनदा चहा झाला."

घरी भेटायला येणारी माणसं शहाळं घेऊन येतात. आपली रीतच ती. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते बाहेर टाकायला या माणसाकडे किडनी नाही. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. प्रेमानं आणलेलं शहाळं काकूंना शेजारच्या मुलांना द्यावं लागतं.

[दृश्य: हाताचा क्लोजअप. मनगटापासून वर फुगलेली शीर.]

हा फिश्चुला. शस्त्रक्रिया करून शीर आणि धमनी एकमेकांना जोडतात. बोट ठेवलं तर खाली सतत थरथर लागते. ती रोज तपासायची आणि थांबली तर तडक हॉस्पिटल गाठायचं. या हाताचं बीपी घ्यायचं नाही, या हातानं बादली उचलायची नाही. मशीनच्या दोन सुया याच शिरेत टोचतात. त्यासाठी शीर तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, म्हणजे हे काम मशीनची वेळ येण्याआधी व्हायला हवं. पण बरेच जण किडनीच्या डॉक्टरांसमोर पहिल्यांदा येतात तेच इमर्जन्सीतून, धाप लागलेल्या अवस्थेत. मग मानेत नळी घालून तातडीनं डायलिसिस. त्या नळीला जंतुसंसर्ग लवकर होतो. थंडी वाजून ताप भरला की पुन्हा अ‍ॅडमिट.

मुंबईत डायलिसिस देणारे पुष्कळ आहेत. केईएम, सायन, नायर महापालिकेची. जे.जे. राज्य सरकारचं. सिद्धिविनायक मंदिर न्यासाचं केंद्र आहे, धर्मादाय ट्रस्टची आहेत, खासगी तर आहेतच. प्रत्येकाचे कागद वेगळे, प्रत्येकाची यादी वेगळी. आपल्या घराजवळ कुठली शिफ्ट रिकामी आहे, हे पेशंटला दारोदार फिरूनच कळतं. या सगळ्या यंत्रणांना जोडणारा दुवा बहुतेकदा घरातला मुलगा असतो. हातात झेरॉक्सचा गठ्ठा आणि नोकरीवर दांडी.

योजना आहेत. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. तिच्यात डायलिसिस बसतं. २०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. या योजनांनी माणसं जगवली आहेत, हे आधी मान्य करायला हवं. पण योजनेत हिशेब होतो तो मशीनच्या फेरीचा. लोकल आणि रिक्षाचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, बाहेरून आणावी लागलेली औषधं घरच्याच खिशातून जातात. मोफत उपचार सुरू असताना घरातला मंगळसूत्राचा सोन्याचा तुकडा गहाण पडतो, तो या खर्चापायी.

धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत राखण्याचं कायद्याचं बंधन आहे. चांगलीच तरतूद आहे. पण ती खाटेच्या हिशेबानं केलेली. ऑपरेशनच्या पेशंटला खाट आठ-दहा दिवस लागते. डायलिसिसवाल्याला मशीनजवळची खुर्ची वर्षानुवर्षं लागते, तीही ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी.

घरी करता येणारं पोटाचं डायलिसिस आहे. पिशवीतलं दोन लिटर औषधी पाणी दिवसातून तीन-चार वेळा नळीनं पोटात सोडायचं आणि काढायचं. प्रवास वाचतो, काम सुटत नाही. वसई-पालघरच्या आतल्या गावांना याचा खरा उपयोग. पण दहा बाय बाराच्या खोलीत पिशव्यांचे महिन्याभराचे खोके ठेवायचे कुठे आणि स्वच्छ कोपरा काढायचा कुठे, याचं उत्तर डॉक्टरांकडे नसतं.

किडनी बदलणं हाच सगळ्यात चांगला उपाय. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं नात्यातलं दान आणि मेंदूमृत व्यक्तीचं अवयवदान, दोन्हींचे नियम घालून दिले. मेंदू मृत झाल्याचं चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतरानं, दोनदा तपासून ठरवायचं असतं. मुंबईत मिळालेल्या अवयवांचं वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र यादीनुसार करतं. यादी लांब आहे आणि दान कमी. म्हणून घरातल्या कुणाला तरी पुढे यावं लागतं, आणि येते ती बहुतेकदा आई, नाहीतर बायको. बायकोची किडनी गेली, तर तिच्यासाठी इतक्या सहज कुणी उभं राहत नाही. ही गोष्ट आपल्या घराघरात बोलली गेली पाहिजे.

[दृश्य: वस्तीतला महापालिकेचा दवाखाना. गोळ्यांची रांग.]

या रांगेत उभे असलेले बहुतेक लोक शुगर किंवा बीपीचे. किडनी खराब व्हायची मोठी कारणं हीच दोन, आणि ती खराब होते ती कसलाही त्रास न जाणवता. लघवीतलं अल्ब्युमिन (म्हणजे प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायची घाण), या दोन साध्या तपासण्यांत ते आधी कळतं. गोळ्या घ्यायला आलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा ही तपासणी इथेच व्हायला हवी. ज्याचा रिपोर्ट बिघडलाय, त्याला मोठ्या रुग्णालयाची तारीख इथूनच मिळायला हवी. नुसत्या चिठ्ठीनं भागत नाही. आणि गोळ्या देताना विचारायलाच हवं: मावशी, गुडघ्यासाठी मेडिकलमधून कुठली गोळी आणून खाता? दुखणं थांबवणाऱ्या अशा कित्येक गोळ्या अर्धवट चालणारी किडनी पार बंद पाडू शकतात.