जुन्या रोमचे खांब, नव्या चर्चचं छत

नमस्कार श्रोतेहो. रोममधल्या अ‍ॅव्हेन्टाइन टेकडीवर सांता सबीना नावाचं चर्च आहे. इलिरिया या बाल्कन प्रदेशातून आलेल्या पीटर नावाच्या धर्मगुरूनं ते बांधलं. दारावरच्या सोनेरी मोझेइकमधल्या लेखात त्याचं नाव अजून वाचता येतं. काम इसवी सन 422 च्या सुमारास सुरू झालं. आत उभ्या पन्हाळ्या कोरलेले, पांढऱ्या संगमरवराचे 24 खांब आहेत, आणि सगळे एकाच मापाचे. हे खांब चर्चसाठी घडवलेलेच नाहीत. एखाद्या जुन्या रोमन इमारतीतून ते सगळे एकत्रच उतरवून आणले असावेत, असं अभ्यासक मानतात.

असा एकसारखा संच मिळणं हे भाग्यच! रोममधल्याच सान लोरेन्झो चर्चमध्ये पोप दुसरे पेलाजियस यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला भाग पाहा. खांबांवरची आडवी दगडी पट्टी निरनिराळ्या इमारतींच्या तुकड्यांची जोडलेली आहे, गोधडीसारखी. एका तुकड्यावरची नक्षी पुढच्यावर जुळत नाही. दोन स्तंभशीर्षांवर तर रोमन विजयाची चिन्हं तशीच आहेत. मला हा भाग सांता सबीनाहूनही प्रिय आहे, कारण हाती आलेला प्रत्येक दगड कुठे शोभेल याचा पाथरवटानं केलेला विचार इथे डोळ्यांना दिसतो.

असं का करावं लागलं? अखंड दगडाचा खांब खाणीतून काढून जहाजानं रोमला आणायचा, तर साम्राज्याची ताकद मागे हवी. ती ओसरत होती. पोर्फिरी हा जांभळा दगड तर इजिप्तच्या वाळवंटातल्या खाणीतून यायचा. रोममधल्या लॅटरन चर्चच्या बाप्तिस्मागृहात पोप तिसरे सिक्स्टस यांनी त्याचे आठ खांब उभारले. असा दगड नव्यानं मिळणं तेव्हा जवळपास अशक्य होतं.

जुन्या वास्तू मोडण्याची चिंता त्या काळीही होती. सम्राट माजोरियन यानं 458 मध्ये कायदाच केला: परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला पन्नास पौंड सोन्याचा दंड, हाताखालच्यांना फटके आणि हात तोडण्याची शिक्षा. तरी पाडापाडी थांबली नाही. कितीतरी संगमरवर चुनाभट्टीत भाजला गेला. म्हणून चर्चमध्ये जागा मिळालेल्या दगडाला मी लूट म्हणायला तयार नाही. तो निदान वाचला.

रोमबाहेरही हेच दिसतं. इंग्लंडच्या उत्तरेत एस्कम्ब इथे सातव्या शतकातलं छोटंसं चर्च आहे. त्याचे दगड जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्यातले. एका दगडावर रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचं नाव कोरलेलं आहे, आणि तो भिंतीत उलटा बसवला आहे.

तुमच्यापैकी कुणी रोमला गेलात, तर छताकडे पाहण्याआधी खांबांच्या पायथ्याशी वाका. आखूड खांबाखाली उंच बैठक, लांब खांबाखाली बुटकी, अशी तडजोड अनेक ठिकाणी सापडेल.