"पुन्हा एकदा थम लावा" म्हटलं, तर आधी हे विचारा

(कॅमेऱ्यासमोर, ओसरीत. मागे वेचून आणलेल्या कापसाची गंजी.)

राम राम मंडळी. मागच्या दिवाळीत मी घाटंजी तालुक्यात मावशीकडे होतो. सकाळी सकाळी म्हणाली, "बाबू, चाल बरं माह्यासंग, थम लावून येऊ." थम लावणं म्हणजे अंगठा लावून करायचं बँकेचं काम. पण बँक कुठं? तालुक्याला. आम्ही गेलो गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथं बँक मित्र, म्हणजे गावात बँकेचं काम करणारा माणूस, बसतो, त्याच्यापाशी एक छोटं मशीन आणि त्याला जोडलेलं लाल उजेडाचं डबडं.

गावात डिजिटल बँकिंग आलं म्हटलं की लोक यूपीआय दाखवतात. खरं आहे. यूपीआय २०१६ साली आलं आणि आता आमच्या चहाच्या ठेल्यावरचा डबाही "वीस रुपये मिळाले" म्हणून ओरडतो. पण तो डबा पोरांसाठी. मावशीच्या वयाच्या बायांनी उचललं ते हे थमचं मशीन. काहून? कारण त्याची सवय आधीच होती. रेशन दुकानात तांदूळ घ्यायला अंगठाच लावावा लागतो. जे मशीन तांदूळ देते, त्याचाच भाऊ पैसे देतो, एवढी साधी गोष्ट. आणि समोर माणूस बसलेला असतो, त्याच्याशी भांडता येतं. अॅपशी कोण भांडेल?

आता हे चालतं कसं ते बघा. याला एईपीएस म्हणतात, आधारवरून चालणारी पैशाची सोय. दुकानदार तीन गोष्टी घेतो: तुमची बँक कोणती, आधार नंबर आणि अंगठा. पिन नाही, कार्ड नाही, पासबुकही नाही. अंगठा जुळला की तुमच्या खात्यातून पैसे वजा होतात आणि तो त्याच्या गल्ल्यातून रोख देतो. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपये.

नीट ऐका, इथंच खरी गोम आहे. या सगळ्या व्यवहारात तुमची सही म्हणजे तो अंगठा. शिल्लक बघायलाही अंगठा, पैसे काढायलाही अंगठा. तुम्ही अंगठा कशासाठी लावता आहात, हे मशीनच्या पडद्यावर लिहिलेलं असतं, पण पडदा दुकानदाराकडे वळलेला असतो.

आमच्या ओळखीतल्या एका काकाजींचं असंच झालं. पंधराशे काढायला गेले. "काकाजी, एरर आला, पुन्हा लावा." लावला. पंधराशे हातात मिळाले. खात्यातून तीन हजार गेले. कळलं केव्हा? दोन महिन्यांनी, पासबुक छापलं तेव्हा. मेसेज येत होते की! पण बँकेत नोंदवलेला नंबर पोराच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम रिचार्जविना कधीच बंद पडलेलं.

प्रत्येक एरर म्हणजे लबाडी नाही, हेही सांगतो. टॉवर गेला की खरंच व्यवहार मधेच अडकतो. खात्यातून गेले, पण हातात आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत, आणि उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. म्हणून दुसऱ्यांदा थम लावायच्या आधी विचारायचं: "पहिल्याची पावती दे." फेल झालेल्या व्यवहाराचीही पावती निघते. सरळ सरळ लबाडी वाटली तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा.

बरं, कधीकधी अंगठाच येत नाही. डिसेंबरात वेचणी करणाऱ्या बाईचे हात बघा. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली, ठसा उमटणार कसा? मावशी आधी अंगठा केसांवरून फिरवते, मग लुगड्याला पुसते, मग लावते. तिला मी सांगितलं, मावशी, आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतले होते. अंगठ्याचाच हट्ट कशाला, अनामिका लाव. लागली! दुकानदारालाही नवल वाटलं. बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोटांचे ठसे कुलूपबंद करायची सोय आधारमध्ये आहे, सुरक्षितही आहे, पण लॉक असेल तर रेशनच्या मशीनवरही थम चालणार नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

दुसरी तक्रार हमखास येते: "लाडक्या बहिणीचे पैसे आलेच नाही." बरेचदा आलेले असतात, दुसऱ्याच खात्यात. सरकारी पैसा खाते नंबर बघून येत नाही. तुमचं आधार शेवटी ज्या बँकेला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यायला, जोडलं, तिथं तो पडतो. कुणी शिबिरात "माय, नवीन खातं काढ" म्हणून अंगठा घेतला असेल, तर पैसा तिकडं वळला असू शकतो. आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधी तपासा, मग तहसीलला चकरा मारा.

आणि म्हातारी माणसं पैसे आले की त्याच दिवशी सगळे काढतात, त्यावर हसू नका. नागपूर, वर्धा, बुलडाणा या जिल्हा बँका अडचणीत आल्या तेव्हा ठेवी अडकलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. शिवाय वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी रोखच द्यावी लागते. मजूर बाईला क्यूआर कोड दाखवून बघा, काय ऐकून घ्याल ते तुमचं तुम्ही.

साधा बटणाचा फोन असेल तर यूपीआय १२३पे आहे, म्हणजे त्या फोनवरून चालणारं यूपीआय, २०२२ पासून. चालतं, पण आमच्या गावात वापरणारा मला अजून भेटला नाही.

तर त्या दिवशी मावशीनं पैसे मोजले, कमरेच्या पिशवीत घातले आणि हात पुढे केला. "पावती?" पोरगा म्हणाला, "मावशी, रोल संपला." मावशी बाकावर बसली. "मंग आण रोल. मले काही घाई नाही, बसली मी इथंच."

मागे सात-आठ जणांची रांग होती. पाच मिनिटांत रोल आला.