कडेवरचं नाव

[दृश्य: वर्धा जिल्हा, पुलगावच्या पुढचं एक गाव. कवेलूचं घर, छपरीत वेचणीच्या कापसाचा ढीग. आतल्या खोलीत लोखंडी संदूक उघडते.]

वर शालू, त्याखाली सातबाऱ्याच्या नकला, तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात पाच पदकं आणि एक जाड वही. घरात पदकांना बिल्ले म्हणतात.

पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो, त्यामुळे फौजी माणूस या भागाला नवा नाही. नौदलाचा मात्र विरळाच, कारण इथून पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. आणि नौदलात राहून विमानातून लढलेला तर शोधावाच लागेल. ही पदकं अशाच एका माणसाची. घरच्यांनी त्याचं नाव न सांगण्याची अट घातली आहे. म्हणून पडद्यावर नाव जिथे येईल, तिथे ते धूसर दिसेल.

[दृश्य: पांढऱ्या सुती कापडावर पाच पदकं. कॅमेरा पहिल्यावर.]

गडद निळी फीत, मधोमध बारीक पांढरी रेघ. हे नौसेना पदक. 17 जून 1960ला सुरू झालं, चांदीचं असतं. पाचांत मान याचा.

दुसरा पाच टोकांचा तारा, पूर्वी स्टार. पाहुणे आधी हाच उचलतात, कारण तो उठून दिसतो. शौर्याचा नाही, पण माहिती याच्याइतकी कुणी देत नाही. 1971च्या युद्धात पूर्व आघाडीवर प्रत्यक्ष होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडे होते त्यांना पश्चिमी स्टार. म्हणजे हा माणूस कुठल्या समुद्रावर होता, ते तारा पाहताच कळतं.

तिसरं संग्राम पदक त्याच युद्धाचं, पण फार मोठ्या वर्तुळाला मिळालेलं. चौथं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, 15 ऑगस्ट 1972ला जो सेवेत होता त्याला. पाचवं नऊ वर्षांच्या सेवेचं.

[दृश्य: भिंग. पदक आडवं धरून सावकाश फिरवलं जातं.]

खरा मजकूर इथे, कडेवर: क्रमांक, हुद्दा, नाव. ताऱ्याला कड नाही, म्हणून त्याचं नाव पाठीवर. बाजारात मिळणाऱ्या प्रती दिसायला हुबेहूब असतात, पण त्यांच्या कडा कोऱ्या. पदक हाती आलं की आधी आडवं धरा, तोंड नंतर बघा.

या घरात दर पंधरा ऑगस्टला पदकं चिंच आणि राखेने घासत, अलीकडे पितांबरीने. झळाळी येते, शंकाच नाही. पण दरवेळी धातूचा अगदी बारीक थर निघून जातो, आणि कडेवरची अक्षरं मुळात उथळ. नौसेना पदकावरचे शेवटचे दोन आकडे आता तिरप्या उजेडातच वाचता येतात. चांदी काळी पडली तर पडू द्यावी. तो काळपटपणा तिचं काही बिघडवत नाही, घासणं बिघडवतं.

[दृश्य: वहीची पानं. रकान्यांवर बोट.]

ही उड्डाणवही. तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, वैमानिक, कामगिरी, दिवसाचे तास, रात्रीचे तास. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि स्क्वाड्रनप्रमुखाची सही. डिसेंबर 1971च्या पानावर विमानाच्या रकान्यात एकच शब्द खालीपर्यंत उतरत गेला आहे: आलिझे. वैमानिकाच्या रकान्यात नाव दुसऱ्याचं, म्हणजे वहीचा मालक वैमानिक नव्हे; तो ऑब्झर्व्हर, विमानात दिशा आणि रडार सांभाळणारा.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. विमानवाहू नौका विक्रांतचा डेक, पंख मिटलेली विमानं.]

आलिझे फ्रेंच बनावटीचं, एका टर्बोप्रॉप इंजिनाचं, तीन जणांचं: वैमानिक, ऑब्झर्व्हर आणि एअरक्रूमन. मूळ काम पाणबुड्या शोधण्याचं. पोटाखाली रडारचा घुमट, लागेल तेव्हा खाली येणारा. विक्रांतवरचं दुसरं विमान सी हॉक. ते एकट्या वैमानिकाचं जेट, 20 मिलिमीटरच्या चार तोफांचं, पण त्यावर रडार नाही. म्हणून दिवस सी हॉकचा आणि रात्र बव्हंशी आलिझेची. या वहीत रात्रीचा रकाना का भरलाय, ते इथे उलगडतं.

खरी अडचण होती नौकेची. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता. चोवीस-पंचवीस नॉटची नौका सोळाच्या आसपास चालवावी लागे. विमान डेकवरून सुटताना त्याला मिळणारा वेग तिहेरी: विमान पुढे फेकणाऱ्या वाफेच्या कॅटापल्टचा धक्का, नौकेचा वेग आणि समोरून येणारा वारा. आठ नॉट कमी म्हणजे तासाला साधारण पंधरा किलोमीटरचा वारा गेला. डिसेंबरात बंगालच्या उपसागरावर वारा तसाही मंद. उरतं एकच, वजन कमी करणं: इंधन तरी कमी न्या, नाहीतर बॉम्ब. शिवाय कॅटापल्टलाही वाफ त्याच बॉयलरची. अशा नौकेला युद्धात नेऊ नये, असं मानणारे कमी नव्हते.

4 डिसेंबरला सकाळी सी हॉकनी पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला, दुपारी चितगावावर. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला, चालना. नौकेचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं, सी हॉकच्या स्क्वाड्रनचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांनाही. 10 डिसेंबरला पश्चिम आघाडीवर एक आलिझे पाकिस्तानी विमानाने पाडलं, तिघेही गेले.

[दृश्य: शाळेच्या कार्यालयातली जुनी काचेची चौकट.]

मधली काही वर्षं ही पदकं गावच्या शाळेत होती. चौकटीत तारा पहिला लावला होता, मोठा दिसतो म्हणून. क्रम चुकला आणि फितीही विटल्या, कारण चौकट खिडकीसमोर होती आणि इकडचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे.

[दृश्य: घरातली नात फीत कापते. सुई, दोरा, पातळ पट्टी.]

नवी फीत 32 मिलिमीटर रुंद. आधी धुवायची नाही, रंग सुटतो. डिंक लावायचा नाही, झुरळं येतात. मागे पट्टी ठेवून टाके घालायचे, तेही फितीच्या काठातून, मधून नाही. बघणाऱ्याच्या डावीकडून क्रम असा: नौसेना पदक, पूर्वी स्टार, संग्राम, पंचविसावं वर्ष, नऊ वर्षं. छातीवर लावलं की पहिलं पदक बरोबर छातीच्या मध्याकडे येतं. जुन्या फिती फेकायच्या नाहीत, पाकिटात घालून सोबत ठेवायच्या.

रबरबँड नको, वर्तमानपत्र नको, लोकरीचं कापड तर नकोच. तिन्हींमुळे चांदी काळी पडते. धुतलेलं जुनं सुती लुगडं उत्तम.

[दृश्य: पदकं एकेक करून गुंडाळली जातात. डबा. झाकण. संदूक.]

डब्यात ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांची पुडी ठेवली आहे. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास डबा उघडायचा. दाणे गुलाबी झाले असतील, तर पुडी बदलायची.