पावतीच्या पाठीवरची कविता

(दृश्य: कौलारू घर. खाटेखाली लोखंडी पेटी.)

वऱ्हाडातल्या खेड्यात कवी गेला की मागे पेटी उरते. ती लोखंडी असली तर नशीब; लाकडीचा निकाल वाळवी लावते. आत वह्या, पोस्टकार्डं, कविसंमेलनांच्या पत्रिका आणि कापसाच्या काट्यावरच्या पावत्या. घरचे रद्दी म्हणून आधी पावत्याच काढतात, अन् कविता नेमकी त्यांच्याच पाठीवर असते.

पेटी उघडल्यावर पहिला मोह आवरायचा तो आवराआवरीचा. कागद निघेल त्याच क्रमाने फोटो काढा, मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. वहीत खोचलेली पावती एकदा बाजूला झाली की ती कुठल्या कवितेचा कच्चा खर्डा होती, ते कुणालाच सांगता येत नाही.

कवी तारीख घालत नाही, पण कागद बोलतो. एकाधिकार कापूस खरेदीची, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायच्या योजनेतली पावती असेल तर कविता १९७२च्या आधीची नाही, योजनाच तेव्हाची. पिनकोडही त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टचा. वाशीमच्या पत्रिकेवर ‘जिल्हा अकोला’ असेल, तर ती बहुधा १ जुलै १९९८च्या आधीची, कारण त्या दिवशी वाशीम वेगळा जिल्हा झाला. कोरी पाठ मात्र दहा वर्षंही पडून राहते. म्हणून पावती ‘याआधी नाही’ एवढंच सांगते, ‘याच वर्षी’ असं नाही.

(दृश्य: घडीवर तुटलेलं पान, जवळून.)

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कागदाचा पापड होतो. घडी उलगडली की तिथेच तुटते. पावसाळ्यात बुरशी. काम करावं दिवाळी ते होळी. पण तेव्हाच कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी. माणसं मिळतात ती रात्री जेवणानंतर.

गंजलेली टाचणी ओढू नये, कागद फाटतो. खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून तिच्यावरून टाचणी हळू काढावी. धूळ कोरड्या मऊ ब्रशने, मधून कडेकडे. ओला फडका लावला तर फाउंटनपेनची निळी शाई पसरलीच म्हणून समजा. फाटलेल्यावर सेलोटेप नको. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर शत्रूच्या कागदालाही करू नये, ते परत निघत नाही.

कसर लागली असेल तर गठ्ठा पॉलिथिनमध्ये हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे २० अंशांवर, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं. शाई किंवा पेन्सिल पुसट असेल तर स्कॅन ४०० डीपीआयवर, रंगीत.

(दृश्य: गावातली काव्यबैठक. कंदिलाएवढा बल्ब, सतरंजी, हातात छापील प्रती.)

खरी पंचाईत इथून पुढे. स्कॅन झाला म्हणजे कविता वाचली गेली असं नाही. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ओळ ‘काया’वर संपते, पुढची ‘माया’वर. टाइप करणारा पोरगा शहाणा; त्याला ‘काया’ म्हणजे शरीर वाटतं, नाहीतर चूक समजून तो ‘काळा’ करतो. यमक तिथेच मेलं. ‘पानी’चं ‘पाणी’ केलं की ‘रानी’ एकटी पडते. म्हणून उतरवलेलं पान बैठकीत मोठ्याने वाचायचं, मूळ प्रत समोर ठेवून. डवरणी केलेला, तिफण धरलेला एखादा तरी माणूस हवाच. ठेच कुठे लागली ते तो बरोबर सांगतो.

गझलेच्या वह्यांत समासात काफियांची, म्हणजे यमकाच्या शब्दांची, यादी सापडते. सुरेश भटांच्या अमरावतीकडे तर हमखास. ती यादीही उतरवायची, खोडलेल्या ओळीही. खोडलेल्यांवर आडवी रेघ ठेवून.

छापायचं ठरलं तर वारसांची लेखी परवानगी लागते. हयातीत छापलेल्या कवितेवर हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं त्यांचा; कधीच न छापलेलीची ६० वर्षं ती पहिल्यांदा छापल्यापासून.

(दृश्य: पावतीची पाठ. शेवटच्या ओळीत एकच शब्द तीनदा खोडलेला.)

चौथ्यांदाही तोच लिहिलाय.