खारं वारं आणि अलॉय व्हील

(दृश्य: रत्नागिरी, मिऱ्याच्या बाजूचं एक घर. जांभ्याच्या अंगणात पसरलेला गोणपाट, त्यावर उताणं ठेवलेलं गाडीचं चाक.)

हे चाक 14 इंची आहे. छोट्या हॅचबॅक गाडीचं, कंपनीतूनच आलेलं अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. लांबून पाहिलं तर नुसतं मळलेलं वाटतं. जरा जवळ जाऊया. कडेला एक लांब ओरखडा आहे. अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासली की असाच ओरखडा येतो. मात्र त्याच्या आजूबाजूला बघा. लॅकरच्या आतून पांढरट, वेड्यावाकड्या रेघा पसरल्यात. नागअळीने पान आतून खाल्लं की पानावर अशाच रेघा उमटतात. वरचा पारदर्शक थर जागेवरच आहे, आतला धातू मात्र खाल्ला गेलाय.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असं आपण सहज बोलून जातो. ते लोखंडासारखं तांबूस गंजत नाही, एवढंच त्यातलं खरं. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक पातळ, घट्ट साय लगेच धरते आणि ती आतल्या धातूला राखते. मिठातलं क्लोराइड नेमकी तीच साय फोडतं. ओरखड्यातून खारट ओल लॅकरखाली शिरते, एक धागा पुढे सरकतो, मागे पांढरी भुकटी ठेवत जातो. हवा दमट असली की त्याला आणखी जोर. इथे समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पावसाळ्यात तर भिंतीलासुद्धा पाणी सुटतं.

गाडी भाचीची, अंगण मामांचं. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. भाचीचा बेत सोपा होता: धुवायचं, बाजारातून चंदेरी स्प्रेची बाटली आणायची, मारून मोकळं व्हायचं. मामांनी चाकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगो, रंग तासाभराचा. बाकीचं आधी आटप."

(दृश्य: गाडीखाली जॅक लागतोय.)

चाक काढायचं तर गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करायचे. गाडी उचलल्यावर पान्याला जोर दिला तर चाक फिरतं आणि गाडीही हलते. कोकणात जॅकखाली जांभ्याचा चिरा ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण चिरा अंगणात पडलेलाच असतो. जांभा वजनाखाली भुरभुरतो. लाकडाची जाड फळी घ्यावी. चाक निघालं की जागेवर स्टेपनी चढवायची, म्हणजे गाडी अडकून पडत नाही. अलॉयच्या गाडीला स्टेपनी बऱ्याचदा पत्र्याची आणि लहान मापाची देतात. तिच्यावर ताशी 80 किलोमीटरचं बंधन लिहिलेलं असेल, तर ते पाळायचं. म्हणून एका वेळी एकच चाक.

आता एक काम, जे घरी चाक रंगवणारे बहुतेक जण टाळतात. चाक साबणाने धुवायचं, उलटं करायचं आणि आतून, टॉर्चच्या उजेडात, इंच इंच बघायचं. आरे जिथे कडेला मिळतात तिथे केसाएवढी चीर आहे का? आतल्या कडेला खड्ड्याचा पोचा आहे का? आठवड्याला हवा कमी होते का? अशी अलॉय चाकं साधारणपणे अ‍ॅल्युमिनियममध्ये 7 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम घालून ओततात, मग ठरावीक तापमानाला तापवून, पाण्यात बुडवून, पुन्हा मंद तापवून त्यांना बळ आणतात. ते बळ उष्णतेचं देणं आहे आणि भलतीच उष्णता ते काढूनही घेते. चीर गेलेलं चाक कुणी वेल्डिंग करून देत असेल, ठोकून सरळ करून देत असेल, तरी त्यावर घरचा रंग चढवू नये. रंगाखाली चीर दिसेनाशी होते, बुजत नाही. असं चाक भंगारातच जाऊ द्यावं.

आणखी एक जात घरी हाताळायची नाही. समोरचा भाग काचेसारखा चकाकतो आणि त्यावर बारीक गोल रेषा दिसतात, ते डायमंड कट. तो चेहरा लेथवर कातलेला असतो आणि वर फक्त पारदर्शक थर असतो. पॉलिश पेपर लावला की ती चकाकी कायमची गेली. पुन्हा आणायची तर पुन्हा लेथ, आणि प्रत्येक कातणीला थोडा धातू कमी. माझं मत विचाराल तर समुद्रकाठच्या माणसाने ही चाकं घेऊच नयेत. साधी रंगवलेली बरी.

(दृश्य: चाकावर फवारा, आणि पाणी जांभळं होताना.)

हे जांभळं पाणी बघायला मजा येते. ब्रेकच्या पॅडमधून आणि डिस्कमधून झिजलेले लोखंडाचे कण गरम असतानाच चाकाला चिकटतात. त्यावर लोह काढणारं द्रावण मारलं की ते कणांशी संयोग पावून जांभळं होतं. वास मात्र कुजक्या अंड्याचा. डांबराचे ठिपके टर्पेंटाइनने निघतात, पण नंतर साबणाचा हात पुन्हा फिरवायलाच हवा. तेलकट बोट लागलेल्या जागी रंग धरत नाही.

टायर उतरवून घेतला तर उत्तम. उतरवायचा नसेल तर हवा पूर्ण सोडायची आणि टायर-रिमच्या फटीत जाड कागदाचे तुकडे ओळीने खोचत जायचं. पत्त्यांचा जुना कॅट चालतो. मामांनी घरातल्या लग्नपत्रिका काढल्या. गेल्या मोसमातली निम्मी रत्नागिरी या चाकाभोवती उभी आहे.

आता घासणं. खरं काम हेच.

मामांनी ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश भाचीच्या हातून काढून घेतला. साध्या पोलादी तारेचे बारीक कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात. दोन वेगळे धातू, त्यात ओल, की तिथे नवीन कीड सुरू. नायलॉनचा ब्रश चालतो, नाहीतर हात आणि पेपर. आधी 80 नंबर, मग 180, मग 320.

कॅमेरा इथे थोडा वेळ थांबवूया. भाचीने पांढरी रेघ संपते तिथपर्यंत घासलंय. खाली स्वच्छ, उजळ धातू दिसतोय. मामा म्हणतात, "अजून दोन बोटं पुढे." ती म्हणते, "मामा, पुढे चांगलं आहे ना पण." मामा नखाने चांगल्या दिसणाऱ्या लॅकरची कड उचलतात. अभ्रकाच्या पापुद्र्यागत अख्खा तुकडा सुटून येतो आणि त्याच्या पोटाला पांढरी भुकटी. डोळ्यांना दिसते ती रेघ मागची असते. धाग्याचं तोंड तिच्या पुढे गेलेलं असतं. घरी रंगवलेली चाकं एका पावसात पुन्हा फुगतात ती याचमुळे. रंगाच्या बाटलीला नावं ठेवली जातात, आणि दोष असतो वाचवलेल्या दोन बोटांचा.

लॅकर जिथे घट्ट धरून आहे तिथे ते काढायची गरज नाही. फक्त त्याची कड उतरती करायची. डोळे मिटून बोट फिरवायचं. जुना थर आणि उघडा धातू यांमधली पायरी बोटाला कळली नाही, म्हणजे जमलं. रंगाचा थर इतका पातळ असतो की तो पायरी झाकत तर नाहीच, उलट उन्हात दाखवून देतो.

(दृश्य: काचेच्या तुकड्यावर कालवली जाणारी लांबी.)

गडग्याच्या ओरखड्याला लांबी लागणार. गॅरेजवाले मेटल पेस्ट म्हणतात ती. हार्डनर साधारण शंभराला दोन या हिशेबाने. उन्हात पेस्ट काही मिनिटांत घट्ट होते, म्हणून सुपारीएवढीच कालवायची. ही भर दिसण्यापुरती, एखाद-दोन मिलिमीटरच्या ओरखड्यासाठी. टायर ज्या कडेवर बसतो तिथे तिचं काम नाही. आणि वाळल्यावर ती कोरडीच घासायची. पाणी लावून घासली तर लांबी पाणी पिते, आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड होऊन वर येतं.

घासलेल्या धातूवर ती साय पुन्हा धरायला लागलेली असते. गुळगुळीत सायीवर साधा प्रायमर नीट चिकटत नाही. म्हणून उघड्या धातूवर आधी एच (etch) प्रायमरचा पातळ हात. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते पृष्ठभाग किंचित खाऊन पकड तयार करतं. हा हात लांबीच्या आधी मारायचा नाही, कारण आम्लाच्या थरावर पॉलिएस्टर लांबी नीट घट्ट होत नाही. लांबीच्या वर मग भराव करणारा राखाडी प्रायमर, आणि तो 600 च्या वॉटर पेपरने पाण्यात घासून गुळगुळीत.

रंगाआधी टेप. सगळे टायरला टेप लावतात. महत्त्वाच्या जागा दुसऱ्याच आहेत.

(दृश्य: नटाच्या भोकाचा क्लोज-अप. आतली उतरती, गोल बैठक.)

नट या शंकूसारख्या उतरत्या बैठकीवर दाबून बसतो. धातूवर धातू. मध्ये रंगाचा थर आला, तर चार दिवसांत तो दाबाने चेपतो, नट तेवढा ढिला पडतो आणि चाक सैल होतं. चाकाची मागची सपाट बाजू, जी हबला टेकते, तिचंही तेच. भाचीने प्रत्येक भोकात पुठ्ठ्याची गुंडाळी बसवली आहे आणि मागच्या बाजूला टेपची चकती. बाहेर रंगवून आलेल्या चाकांतही या बैठका रंगलेल्या दिसतात. बाहेरून घेत असाल तर आधी तिथे बघा.

हवेचं काय? पावसाळ्यात हे काम काढूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ पडतो. दिवाळीनंतर, दव उडाल्यावर सुरुवात करायची आणि दुपारचं समुद्रावरचं वारं उठायच्या आत आटपायचं, कारण ते वारं धूळ आणि मीठ दोन्ही घेऊन येतं. आंबा मोहरला असेल तर तुडतुड्यांचंही बघावं लागतं. ओल्या लॅकरवर बसलेला तुडतुडा काढायचा नसतो. वाळू द्यायचा, मग 1500 च्या पेपरने समाधी उकरायची.

मास्क कापडी नको, वाफा गाळणाऱ्या काडतुसाचा हवा. हार्डनर मिसळायचं टू-के लॅकर त्याहून वेगळं प्रकरण आहे. त्यात आयसोसायनेट असतात, ते श्वासनलिकेला कायमची इजा करू शकतात. घरच्या अंगणात, शेजारची पोरं खेळत असताना, ते वापरू नये. हार्डनर न लागणारं साधं वन-के लॅकर कमी टिकेल, चालेल.

चाक स्टुलावर. बाटली बराच वेळ हलवायची, आतली गोळी खुळखुळत राहील अशी. वीत-सव्वा वीत अंतर. आधी आऱ्यांच्या कडा आणि कोपरे, मग समोरचा चेहरा. पहिला हात इतका पातळ की खालचा राखाडी दिसत राहावा. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा. भाचीला इथे धीर धरवत नाही, आणि चंदेरी रंगात उतावीळपणा लगेच दिसतो. थर जाड झाला की धातूची चमकी त्यात पोहत एका जागी गोळा होते आणि रंगात ढग उमटतात. शेवटचा हात जरा लांबून, धुक्यासारखा. त्यावर बाटलीवर लिहिलेल्या मुदतीत लॅकरचे दोन-तीन हात.

ज्यांना हे सगळं नको, त्यांच्यासाठी पावडर कोटिंग आहे. भुकटी विजेच्या भाराने चिकटवतात आणि 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळवतात. थर चिवट होतो. भट्टीवाला तापमान आणि वेळ राखणारा असावा, कारण चाकाचं बळ उष्णतेवर अवलंबून आहे हे मघाशी पाहिलंच.

चाक वाळतंय तोवर एक आठवण, गाड्यांच्या इतिहासातली. 1924 साली फ्रान्समध्ये ल्योंच्या शर्यतीत बुगाटीची टाइप 35 उतरली. तिला ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं होती, आठ चपट्या आऱ्यांची, ब्रेकचा ड्रम चाकातच. त्या काळी तारेच्या आऱ्यांचा रिवाज होता. आज अलॉय शोभेसाठी घेतलं जातं, तिथे ते वजन आणि उष्णतेच्या हिशेबाने आलं.

(दृश्य: पंक्चरवाल्याचं दुकान.)

हाताला कोरडं लागलं म्हणजे लॅकर पक्कं झालं असं नाही. आदल्या दिवशीचा रंग नखाने उठतो. दोन-चार दिवस गेल्यावर चाक इथे आलंय. पत्रिका निघाल्या, हवा भरली, टायर फट् आवाज करून बसला. आता बॅलन्सिंग. दुकानातला पोऱ्या सवयीने कडेला ठोकायचं वजन उचलतो. "दादा, चिकटवायची पट्टी लावा, आतून," भाची सांगते. कडेला ठोकलेली क्लिप नवं लॅकर पहिल्याच दिवशी फोडते, आणि किडीला दार तिथूनच उघडं मिळतं. जुन्या चाकांवर पांढरे डाग वजनाच्या क्लिपपाशी का असतात, ते आता लक्षात येईल.

बसवताना हबवरचा गंज घासून काढायचा. नट हाताने शंकूत नीट बसवायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. हवेच्या गनने करकचून आवळलेले नट वाटेत पंक्चर झाल्यावर माणसाला रडवतात.

पहिला महिनाभर आम्लाचे क्लीनर आणि प्रेशरचा पाइप लांब ठेवायचा. नंतर आठवड्याला बादलीभर गोडं पाणी चाकांवर ओतायचं, आतल्या बाजूलाही. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायचे. भाचीने ते गणपतीपुळ्याला जाऊन आल्यावर तपासले. सगळे घट्ट. दुसऱ्या चाकाला तिने स्वतःच अजून दोन बोटं पुढे घासायला घेतलंय.